साहेबरावांची फिल्टरवाली बाटली

साहेबराव गंगावणे रिटायर झाले आणि हर्सूलच्या त्यांच्या गल्लीची करमणुकीची सोय झाली. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर फिटरचं काम केलेलं. हातातला पाना सुटला तरी हाताची खाज सुटत नाही. त्यांनी आधी घरातला पंखा उघडला, मग मिक्सर उघडला, आणि रूपाबाईंनी शिलाई मशीनवर चादर टाकून ठणकावलं, "हिला हात लावाल तर बघा." तेव्हा कुठं ते घराबाहेर पडले.

बाहेर पडले ते थेट डोंगराच्या नादाला लागले. शहर तेव्हा चहूबाजूंनी सुटलं होतं. कालपर्यंत ज्वारीचं रान होतं तिथं आज चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडायचे. त्या नव्या वस्त्यांतली पोरंपोरी रविवारी पाठीवर पिशव्या लावून डोंगर चढायला जायची. साहेबरावांना सकाळच्या फिरण्यात ती दिसली आणि त्यांच्या कंबरेला लटकवलेले घडीचे चाकू, नळीच्या बाटल्या पाहून म्हातारा हरखून गेला. हौसेला मोल नाही म्हणतात, पण पेन्शनला असतं. म्हणून त्यांनी ठरवलं की आपण स्वस्तातलं घ्यायचं, आणि स्वस्तातलं आहे म्हणूनच ठोकूनठाकून बघायचं.

नुसती हौस असती तर मी हे सांगत बसलो नसतो. साहेबरावांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. रूपाबाईंना एक दिवस घराबाहेर काढायचं आणि त्यांच्या माहेरच्या टाक्याच्या डोंगरावर न्यायचं.

तो डोंगर कन्नडच्या पलीकडं, सोयगावच्या वाटेला. वर कातळात खोदलेलं एक जुनं टाकं आहे. बहात्तरच्या दुष्काळात रूपाबाईंची आई, चंपाबाई, खडी फोडायला जायची आणि दुपारचं पाणी त्या टाक्यातून आणायची. गावच्या विहिरीला तिला कुणी हात लावू देत नव्हतं. तिथं ओंजळ धरून उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर वरून धार पडायची. डोंगरावर अडवायला कुणी नव्हतं. रूपा तेव्हा आठेक वर्षांची. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती पायथ्याशी आईची वाट बघत बसायची. आई म्हणायची, पुढच्या खेपेला नेईन. ती खेप आलीच नाही.

पुढं लग्न होऊन रूपाबाई शहरात आल्या आणि इथंही पाण्याचीच वाट बघत बसल्या. दोन हजार सोळाचा तो उन्हाळा तर विचारूच नका. नळ कधी चौथ्या दिवशी यायचा, कधी सहाव्या. पहाटे येईल की भर दुपारी, त्याचा नेम नव्हता. रूपाबाई ड्रम, हंडे, कळश्या, अगदी तांब्याफुलपात्रं मांडून दारात बसायच्या. भाचीच्या लग्नाला गेल्या नाहीत, कारण नळ येणार होता. दीक्षाभूमीला जायचं ठरलं आणि मोडलं, कारण नळ आला नव्हता. घराची किल्ली पदराला. पाणी भरायचं काम त्या शेजारच्या मनकर्णाबाईवरही सोपवत नसत. मनकर्णाबाई बाई चांगली, पण ड्रम धुवून घेत नाही असा त्यांचा जुना संशय होता.

साहेबरावांनी डोंगराचा विषय काढला की उत्तर तयार असायचं.

"अन् वर पिणार काय? लगनात एकदा बाहेरचं पाणी पिलात अन् कावीळ झाली, ते इसरलात व्हय?"

"घरून नेऊ की."

"एवढ्या उन्हात किती न्याल? हंडा घेऊन चढता का?"

इथं साहेबराव गप्प व्हायचे. पण गप्प बसणारा फिटर आणि घुम्या बैल, दोघांवर विश्वास ठेवू नये. एका रविवारी ते जाफर गेटच्या बाजारातून चार घडीचे चाकू आणि तीन फिल्टरच्या बाटल्या घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा संसार घेऊन हर्सूल तलावावर गेले.

तलाव कसला, भेगाळलेल्या चिखलाच्या मधोमध एक हिरवं डबकं उरलं होतं. काठावर बाभळीखाली त्यांनी पेपर अंथरला आणि चारही चाकू ओळीनं मांडले. सुतळी, टायरची ट्यूब, बाभळीची फांदी, एक टमाटं. गडी असा रंगला की आपण कुठं बसलोय याचं भान नाही. तिथून जेलची भिंत हाकेच्या अंतरावर. एक हवालदार मोटारसायकल थांबवून खाली उतरला.

"क्या चाचा, दुकान लगाया क्या?"

"दुकान नाय साहेब, परीक्षा घ्यायलोय," साहेबराव मान वर न करता म्हणाले. "हा पयला बघा. टमाटं कापतंय झ्याक, पन सुतळी म्हनली की पातं हालतंय. ह्याची खीळच ढिली. ह्यो दुसरा, दिसायला नवरदेव, पन खटका नाय. जोर दिला की मिटतंय. बोटं जातील मानसाची."

हवालदार चौकशी करायला आला होता, तो उकिडवा बसला. तिसऱ्या चाकूचा खटका त्यानं स्वतः चारदा उघडून मिटून पाहिला. चौथ्यानं फांदी एका झटक्यात तुटली तेव्हा दोघंही एकदमच "वा" म्हणाले. जाताना हवालदारानं हळूच विचारलं की घरी लोणच्याच्या कैऱ्या फोडायला यातला कुठला चालेल. साहेबरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कैरीला अडकित्ताच पाहिजे. एवढं बोलून पोलिसाच्या नजरेतून सुटलेला मराठवाड्यातला हा पहिलाच चाकूवाला असावा.

मग बाटल्या. पहिल्या बाटलीत डबक्याचं पाणी भरून त्यांनी बिनधास्त नळी ओढली. ती बाटली पाण्याचा वास तेवढा घालवत होती, बाकी सगळं आत सोडत होती. पुढचे दोन दिवस साहेबराव घर आणि संडास एवढ्याच पट्ट्यात फिरत होते. रूपाबाई साखरमिठाचं पाणी देत म्हणाल्या, "डोंगर चढायच्या आधीच सपाट झाले." दुसरी बाटली बुडाशी गळायची. तिसरी मऊ प्लास्टिकची, दाबली की दबणारी, आणि आत शेवयांसारख्या बारीक नळ्यांचा जुडगा. तिच्यात त्यांनी मुद्दाम काळी माती कालवून भरली. नळीतून पाणी आलं ते स्वच्छ. प्याले आणि वाट बघत बसले. रात्र गेली, दिवस गेला, पोट ढिम्म. तिसऱ्या दिवशी सकाळी हा साठीचा माणूस चहाचा कप हातात घेऊन अंगणात नाचला. मनकर्णाबाईनं कुंपणावरून पाहिलं आणि मान फिरवली.

"रूपा, आता सांग," ते आत येऊन म्हणाले. "पान्याचा प्रश्न मिटला. आता काय?"

रूपाबाई भाकरी थापत होत्या. हातातली भाकरी त्यांनी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "नळ काल येऊन गेला. आता चार दिस तरी येत नाय. निघायचं तर उद्याच निघा. परत इचार बदलंल माझा."

साहेबरावांना त्या रात्री झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या एस.टी.नं कन्नड, तिथून जीप. जीपमध्ये चौघांच्या जागेत आठजण. रूपाबाई खिडकीशी, आणि घाट आला तशा त्या बोलायला लागल्या. ही बाई प्रवासात एवढी बोलते हे साहेबरावांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. ते वळण, ते चिंचेचं झाड, इथं शेळी हरवली होती, इथं मास्तरनं मारलं होतं. साहेबराव नुसतं "व्हय, व्हय" करत होते आणि मांडीवरच्या पिशवीत बाटली आहे ना हे चाचपत होते.

डोंगर उभा. झाडांना पान नाही, गवताची काडी नाही. रूपाबाईंनी पदर खोचला आणि पुढं झाल्या. डोंगराचा अभ्यास साहेबरावांचा, बूट साहेबरावांचे, आणि मागं पडून धापा टाकणारेही साहेबरावच. रूपाबाई चपलेवर, थांबत थांबत पण नेमक्या वाटेनं. लहानपणी खाली बसून आईला वर जाताना त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की वाट डोळ्यांना पाठ होती, पायांचं तेवढं राहिलं होतं.

निम्म्यावर एका कपारीच्या सावलीत शिदोरी सोडली. साहेबरावांनी मोठ्या ऐटीत चौथा चाकू काढला, खटका वाजवला आणि रूपाबाईंच्या हातात न देता दगडावर ठेवला. सुरी हातोहात दिली की भांडण होतं, आणि आज त्यांना भांडण नको होतं. "काप कांदा," ते म्हणाले. "बुक्कीनं फोडायचे दिस गेले."

रूपाबाईंनी चाकू उचलला, इकडून तिकडून पाहिला. मग दगडावर ऐसपैस बसल्या, मूठ टाचेखाली दाबली, पातं वर केलं आणि कांदा दोन्ही हातांनी धरून त्यावर सरकवायला लागल्या.

"अगं, ती इळी नाय!"

"मग इळीसारखी केलीय आता. तुमच्यासारखं सुरीला नाचवायचं अन् कांद्यानं बसून ऱ्हायचं, हे आमाला नाय जमत."

चार वस्तूंवर चार चाकूंची परीक्षा घेतलेले साहेबराव खटक्यावर नजर लावून बसले. टाचेखाली घालून कुणी चाकू चालवील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. खटका सुटला तर? खटका सुटला नाही. कांदा झाला, काकडी झाली. साहेबरावांनी मनातल्या मनात त्या चाकूला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि ठेच्याबरोबर दीड भाकरी खाल्ली.

टाकं दिसलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. घरून आणलेलं पाणी केव्हाच संपलेलं. पंधरा पायऱ्या खाली, कातळाच्या पोटात, काळंहिरवं पाणी. ज्या वर्षी गावंच्या गावं टँकरमागं धावत होती त्या वर्षी ते तिथं शांत पडून होतं. रूपाबाई सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या. साहेबरावांना वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि तसाच ठेवला.

"आय इथं बसत आसंल," त्या म्हणाल्या. "खाली मी, वर ती."

साहेबरावांनी बाटली पुढं केली. रूपाबाईंनी ती स्वतःच बुडवून भरली, झाकण लावलं, डोकं मागं टाकलं आणि आपण सगळे पितो तशी बाटली उंच धरून वरून तोंडात धार सोडायला गेल्या. धार कुठली, एक थेंब नाकावर पडला. पुन्हा धरली. पुन्हा थेंब.

"मुकी हाय ही तुमची बाटली."

साहेबरावांनी कपाळाला हात लावला. माती कालवून पाहिली, डबकं पिऊन पाहिलं, आणि माणूस पाणी वरून पितो एवढी साधी गोष्ट पाहायची राहिली. "तोंड लावून वढायचं आसतं गं," ते चाचरत म्हणाले. "पन मी पयलंच तोंड लावलंय. उष्टी हाय." मग त्यांना एकदम सुचलं आणि ते उत्साहानं उठले. "थांब. मऊ हाय ना बाटली. मी वरून दाबतो, धार पडंल. तू ओंजळ धर."

त्यांनी बाटली उलटी करून दाबली. खरोखरच धार पडली, स्वच्छ, चकचकीत. रूपाबाईंचे हात सवयीनं पुढं आले, जुळले, आणि तसेच थांबले. पाणी ओंजळीतून सांडून पायरीवर वाहायला लागलं.

"नगं," त्या म्हणाल्या. "ओंजळीनं नाय पिनार मी. आय लई प्याली ओंजळीनं."

साहेबरावांचा हात थांबला. आपण काय करायला सांगितलं हे त्यांना तेव्हा समजलं. पण रूपाबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी बाटली काढून घेतली, नळीला सरळ तोंड लावलं आणि लहान लेकरू ओढतं तसं डोळे मिटून ओढायला लागल्या. अर्धी बाटली रिकामी झाल्यावर थांबल्या, तोंड पुसलं आणि हसल्या.

"ग्वाड हाय."

"पोट दुखलं तर सांग," साहेबराव म्हणाले.

तेवढ्यात रूपाबाईंचा फोन वाजला. इतक्या वर रेंज येईल असं कुणालाही वाटलं नव्हतं. मनकर्णाबाईचा आवाज टाक्यात घुमला.

"रूपाबाई, कुठं हायसा? नळ आलाय! दोन दिस आधीच आलाय, अन् प्रेशर बी लई हाय. दाराला कुलूप तुमच्या. आता काय करू मी?"

साहेबराव ताडकन उठले. जीप कितीला, एस.टी. कितीला, सगळं त्यांच्या डोक्यात फिरायला लागलं, जणू पळत गेलं तर नळ गाठता येणार होता. घरी निम्म्यावर आलेले ड्रम, आणि पुढचा नळ कधी ते देवालाही माहीत नाही. ते पिशवी भरायला लागले.

रूपाबाई पायरीवरून हलल्या नाहीत. त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि फोन कानाला लावला.

"आला आसंल," त्या म्हणाल्या. "त्याला सांगा मनकर्णाबाई, रूपा माहेरी गेलीय."