अम्मीची वेल, पुण्यातलं ऊन

लग्नानंतर मी टेंभुर्णी सोडली त्या सकाळी अब्बा जीपवर बॅगा बांधत होते. अम्मी आतून आली ती ओल्या फडक्यात गुंडाळलेले मनी प्लांटचे तुकडे घेऊन. “पानी देती रहना,” एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली.

पुण्यातल्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. इरफान, माझा नवरा, सकाळीच कंपनीत जायचा. गावाकडं आमचं दार दिवसभर उघडं असायचं. इथं बेलसुद्धा वाजायची नाही. ते तुकडे मी चिनी मातीच्या सुंदर कुंडीत लावले आणि त्यांच्याशीच बोलत बसायचे.

वर्षाच्या आतच अम्मी गेली. तिला शेवटचं पाहून परतले. तिची अंगणातली वेल त्या उन्हाळ्यात वाळली. आता उरली ती माझ्याकडचीच. मी तिला रोज पाणी घालू लागले, कधी दोनदा. तरी पानं पिवळी पडत गेली, देठ मऊ झाले. एक दिवस कुंडी उचलून जिन्यातल्या उजेडात नेली आणि तिथंच रडत बसले.

समोरच्या निर्मलाकाकूंनी दार उघडलं. तोवर आमची ओळख नुसती हसण्यापुरती होती.

“रोज पाणी घालून राह्यले काकू, तरी मरून राह्यली ही,” मी म्हणाले. अम्मीचं सगळं सांगितलं.

काकूंनी मातीत बोट घातलं. “मुळं कुजलीत गं. कुंडीला खाली भोकही नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आईचं बरोबरच होतं. तुमच्या तिकडच्या उन्हाला तेवढं पाणी लागतं. इथं ऊन कुठंय? माती सुकली की मगच घाल.”

त्यांनी काळी पडलेली मुळं कापली, एकच धड फांदी बाटलीतल्या पाण्यात ठेवली. पांढरी मुळं फुटल्यावर आम्ही दोघींनी ती भोकाच्या कुंडीत, वाळू मिसळलेल्या मातीत लावली. पुढं पानांमागं कापसासारखी कीड आली, तेव्हा साबणाच्या पाण्यानं पुसायला त्यांनीच शिकवलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. त्यांच्या बाल्कनीतली झाडं मी सांभाळली. आता आमची दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात.

टेंभुर्णीत राहिलेल्या माझ्या बहिणींनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, मला इथं काय मिळालं ते तुम्हाला सांगायचं होतं. तुटल्यासारखी झाले होते मी, पण मला धरणारं माणूस शेजारीच होतं.

यंदा अब्बा पहिल्यांदाच राहायला आले. आधी पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसायचे. परवा काकूंकडून चहा पिऊन आले, खिडकीशी पाय पसरून बसले. तेवढ्यात गावाहून माझ्या भावाचा फोन आला. कुठं आहात, असं त्यानं विचारलं असावं.

अब्बा म्हणाले, “घर मेंच हूँ.”

मी स्वयंपाकघरात होते. गॅस बारीक केला आणि तशीच उभी राहिले.