ओ देणारा दिवा

नाट्यगृहात तिला सगळे दिवेवाली म्हणत. संगणकाच्या पडद्यावर चौकोन मांडायचे, एकातून दुसऱ्यात रेघ ओढायची, की रंगमंचावर दिवे लागत. रस्त्यापलीकडच्या घरात सासऱ्यांच्या उशाशी तिने तसंच एक बटण जोडलं होतं. मामंजी एकेकाळी बाजारात लिलाव पुकारायचे. घशाच्या ऑपरेशननंतर नुसती कुजबुज उरली. बटण दाबलं की तिचा फोन वाजायचा.

एका दुपारी तो वाजलाच नाही. मामंजी दाबून दाबून थकले, शेवटी स्वतःच उठले आणि न्हाणीघराच्या दारात पडले.

"पुन्हा असं झालं, तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं," नवरा म्हणाला.

ती हट्टाला पेटली. राउटर बदलला, वायर बदलली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! बॅटरी वाचावी म्हणून बटणाला झोपायची सोय तिनेच करून दिली होती. झोपलं की जोडणी तुटे, जागं झालं तरी जुळत नसे. पडद्यावरचा बटणाचा चौकोन मात्र एकदा हिरवा झाला तो हिरवाच. समोर कोणी आहे का, हे त्याला विचारायला तिने शिकवलंच नव्हतं. तिला स्वतःचीच चीड आली.

तिने उलटी रेघही ओढली, चौकोनाकडून बटणाकडे. आता चौकोन सारखा विचारायचा, बटण उत्तर द्यायचं; उत्तर आलं नाही की लाल होऊन पुन्हा जोडायचा.

चौकोन हिरवा राहिला, खराखुरा. फोन मात्र गप्प. मामंजी भिंत धरधरून एकटेच उठू लागले होते.

"मामंजी, बटण का दाबत नाही?"

"तेव्हा इतक्या हाका मारल्या, सूनबाई. तू ओ दिली नाहीस."

"मला पोचल्याच नाहीत हो!"

"ते मला इथे पडल्या पडल्या कसं कळणार?"

मग तिने आणखी एक रेघ ओढली, तिच्या फोनपासून त्यांच्या उशाशी ठेवलेल्या छोट्या दिव्यापर्यंत. "मी हाक मारली की हा लागेल. तुम्ही नुसतं बटण दाबून ओ द्या." मामंजींनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या मध्यात तिने हाक मारली. चौकोन हिरवा. उत्तर नाही. पुन्हा मारली. रंगमंचावरचा प्रसंग पुढे सरकला, तिचं लक्षच नव्हतं.

फोन थरथरला. मामंजींनी बटण दाबलं होतं.

"दिवेवाली, अगं अंधार आहे इथे!" दिग्दर्शक खेकसला. "आहेस ना जागेवर?"

"ओ!" ती डोळे पुसत एवढ्या मोठ्याने ओरडली, की अंधारात सगळे दचकले.