परवान्यावरचा दुसरा रकाना

बाजारामागच्या गल्लीत, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, चामड्याच्या कामाचं एक दुकान होतं. तिथे बसणाऱ्या बाईला सगळे धाकटी म्हणत. पंचावन्न वर्षं झाली, केस पिकले, तरी ती धाकटीच. कारण तिच्या वर एक थोरली बहीण होती. थोरली देखणी, बोलायला गोड, शाळेत कायम पहिली आणि पुढे मोठ्या दवाखान्यात नर्स. धाकटीच्या वाट्याला तिचे आखूड झालेले कपडे यायचे आणि उरलंसुरलं कौतुक.

पाच वर्षांपूर्वी दुकानाच्या पायरीवर एक पिल्लू येऊन बसलं. रुंद जबडा, चौकोनी डोकं. धाकटीने त्याला बोटाने दूध चाटवलं आणि ठोकळा असं नाव ठेवलं. थोरलीने आधी वापरलेली नाही अशी ही तिच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट. दिवसभर तो तिच्या पायाशी, चामड्याच्या कातरणांवर पडलेला असायचा.

मग थोरली निवृत्त झाली. नवरा आधीच गेला होता, म्हणून ती धाकटीच्या मागच्या खोलीत राहायला आली. तिने ठोकळ्याचे लाड केले नाहीत की त्याला खाऊ घातला नाही. नुसती खुर्चीत बसून पेपर वाचायची. तरी तीन आठवड्यांत ठोकळा फितूर झाला! दुकान सोडून तो तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपू लागला. धाकटीने हाक मारली की एक डोळा उघडायचा आणि मिटायचा.

"ताई, काय मंत्र घातलास गं त्याला?" धाकटी हसून विचारायची. हसू ओठांवरच असायचं, आत नुसता जळफळाट.

त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कुत्र्याने कुणाला तरी जबर चावा घेतला आणि नगरपालिकेने नियम काढला. चार जातींची कुत्री आणि त्यांच्यासारखी दिसणारी सगळी, यांना परवाना सक्तीचा. बाहेर नेताना तोंडाला मुसकं हवं, परवान्यावर नाव असलेल्या माणसानेच पट्टा धरायचा आणि मैदानावर परीक्षा द्यायची. दोनदा नापास झालं तर कुत्रा कोंडवाड्यात. ठोकळ्याची जात कुणालाच ठाऊक नव्हती, पण त्याचं डोकं पाहून कारकुनाने विचारलंसुद्धा नाही, सरळ अर्ज पुढे सरकवला.

गल्लीत सगळे हळहळले. धाकटीला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अर्जावर मालकासाठी दोन रकाने होते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: घरातल्या आणखी एका सज्ञान माणसाचं नाव घालता येईल. धाकटीने ते दोनदा वाचलं. पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि दुसऱ्यात आडवी रेघ मारली.

"एकाच माणसाला परवानगी आहे," घरी येऊन तिने सांगितलं.

"बरं झालं. तुझाच तर आहे तो," थोरली म्हणाली आणि पेपरचं पान उलटलं.

ती भांडली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं.

मुसकं तिने स्वतःच शिवलं. मऊ चामडं निवडलं, आतून टाके दाबून घेतले, नाकाला कुठे काचू नये म्हणून तीनदा उसवलं. ठोकळ्याने ते निमूट घालून घेतलं. पण रस्त्यावर दहा पावलांवर तो बसकण मारायचा आणि घराकडे तोंड करून पाहत राहायचा. कुलूपवाला म्हणाला, "काय गं, कुत्र्याला फिरवतेस की कपाट हलवतेस?"

परीक्षेच्या दिवशीही तेच. मैदानावर धाकटीने 'ये' म्हटलं, 'बस' म्हटलं. ठोकळा फाटकाकडे बघत उभा. निरीक्षकाने कागदावर फुली मारली. "बाई, कुत्रं तुमचंच ना? आठवड्याने परत या. शेवटची संधी."

घरी आल्यावर तिने मुसकं टेबलावर आपटलं. थोरलीने चष्मा काढला.

"त्या दुसऱ्या रकान्यात माझं नाव घाल. मी नेते त्याला."

धाकटी गारठली. "तुला कुणी सांगितलं रकान्याचं?"

"जनावरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर अर्जाचा नमुना लावलाय. पहिल्याच दिवशी वाचला."

"मग बोलली का नाहीस?"

"लहानपणापासून तुला माझंच उष्टं मिळालं. एवढं एक तरी तुझ्या एकटीच्या नावावर असावं, असं वाटलं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मोठेपणाही हिनेच घ्यायचा! चोरी करायची आपण आणि उदार ठरायचं हिने!

"मला तुझी दया नको, ताई."

"दया कसली? कोंडवाड्यात गेला तर मी रडेन, तूही रडशील. मग कुणाचा होता म्हणून भांडत बसू."

दुसऱ्या दिवशी धाकटी कचेरीत गेली आणि कारकुनाला म्हणाली, "रेघ चुकून मारली होती." थोरलीचं नाव तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, मात्र पहिला रकाना आपल्याकडेच ठेवला आणि शिक्का नीट उमटलाय ना ते डोळ्यांनी पाहून घेतलं.

परीक्षेला थोरलीने पट्टा धरला. ठोकळा बसला, उठला, चालला. एक अनोळखी माणूस छत्री उघडत अंगावर आला, तरी हलला नाही. निरीक्षक म्हणाला, "वा, शहाणं आहे की!" धाकटी कुंपणाला धरून उभी होती. ठोकळा वाचला म्हणून तिला हायसं वाटत होतं, आणि थोरलीच्या हातातला तो सैल पट्टा तिला बघवत नव्हता.

आता सकाळी थोरली त्याला नेते, संध्याकाळी धाकटी. संध्याकाळी तो अजूनही वळून घराकडे बघतो. किती वेळा, ते धाकटी मोजते. काल अकरा वेळा, आज नऊ. थोरलीला तिने यातलं काही सांगितलेलं नाही.