विहीणबाईची साडी आणि आगीचा नकाशा

गोंदिया जिल्ह्याच्या जंगलात कुणी विडी पेटवली तरी ते मला कळत असे. निदान सालेकशाजवळच्या ज्या गावात मी राहत होतो, तिथे मी तसं सांगून ठेवलं होतं. माझं काम फेलोशिपचं. कुठे कोणती झाडं, त्यांच्यात कार्बन किती साठलाय आणि उन्हाळ्यात कोणता तुकडा आधी पेटणार, याचा नकाशा करायचा. थोडं काम उपग्रहावरून, थोडं ड्रोनवरून, उरलेलं सगळं जमिनीवर उकिडवं बसून. कारण खाली पडलेला पाला वाळवून तोलल्याशिवाय आगीला खायला किती मिळणार ते कळत नाही.

त्यासाठी जंगलात दोऱ्या बांधून चौकोन आखले होते. होळीच्या आगेमागे ते एकेक करून जळाले. एका ठिकाणी तर मी गाठ मारून पाठ वळवली आणि दोरीच पेटली, असं मी फेलोशिपच्या माझ्या सरांना सांगितलं. त्यात भर फार थोडी आहे. शेवटी एकच चौकोन उरला. तोही गेला तर तुलनेला न जळलेलं काहीच नाही, म्हणजे सगळ्या कामाची राख. सरांनी फोनवर बजावलं की त्यातलं पानसुद्धा हलता कामा नये.

आणि त्या चौकोनाच्या मधोमध काकीचा मोह उभा होता.

काकी म्हणजे माझी घरमालकीण. जंगल सरकारचं असलं तरी मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं. सासूकडून सुनेकडे येतं, दागिन्यासारखं. मला हे कुठून ठाऊक? मी खोडाला लाल फीत बांधत होतो, तर काकी टोपली घेऊन मागे येऊन उभी.

"काऊन रे बाबू, झाडाचं लगीन लावून राहिला का?"

मोहफूल वाळल्या पाल्यात पडलं की दिसत नाही. म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात आणि काळ्या साफ जमिनीवरची फुलं वेचतात. पद्धत जुनी आणि सोयीची. आग मात्र कधी कधी तिथे थांबत नाही, कचारगडच्या गुहेतल्या देवाच्या दर्शनाला निघते. काकीच्या कमरेला काडेपेटी होती. मी कार्बनवर असं भाषण ठोकलं की वरचं माकड ऐकत बसलं. काकीने सगळं ऐकून घेतलं.

"तुहा कारबन दिसते का?"

नाही, म्हटलं.

"माहा मोह दिसते. पण तुह्या पाल्यात तोही दिसाचा नाही. मग म्या वेचू काय?"

दोन दिवस आमचं बोलणं फक्त भात वाढण्यापुरतं उरलं. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, काकी, पाल्यावर काहीतरी अंथरू, फुलं त्यावर पडतील. काकी विचारात पडली आणि मग घरातली लोखंडी पेटी उघडून बसली.

पेटीत आहेराच्या साड्या. या साड्या नेसायच्या नसतात, पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात घालायच्या असतात. लाल, केशरी, पिवळ्या. बघताना डोळ्यांना पाणी यावं अशा. सगळ्यात भडक साडी तिच्या विहीणबाईंनी दिलेली, लाल, वर जर. ती काकीने मुद्दाम फुलं सर्वांत जास्त पडतात तिथे अंथरली आणि टाचेने नीट दाबली. आता माझी पहाट फुलं वेचण्यात जाऊ लागली. साड्या झाडताना पडलेलं पानन् पान मी परत चौकोनात टाकायचो. काकी म्हणायची, याच्या आईनं याले घर झाडाले शिकवलं, यानं उलटं शिकलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. एका सकाळी मी ड्रोन उडवला, फोटो इंटरनेटवर चढवले आणि काकीची सुकट आणायला जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या बाजाराला गेलो. मी फोटो ओळखणारी मशीन अशी हुशार बसवली होती की तिला आग दिसली, तर निरोप थेट वनरक्षकांच्या आणि सरांच्या फोनवर जावा. माणसाची लुडबुड नको.

सुकटवाल्याने पुडी बांधली आणि सरांचा फोन आला. माझा शेवटचा चौकोन पेटला होता. मशीनची खात्री होती. ज्वाळा केशरी, मधोमध भडक लाल.

मी मोटरसायकल काढली. रस्त्यात ज्यांनी मला पाहिलं त्यांनी फक्त सुकटीचा वास पाहिला. पोचलो तर आग नाही, धूर नाही. दोन वनरक्षक पाठीला पाला उडवायचं यंत्र लावून उभे. आगीपुढचा पाला उडवून जमीन उघडी करायची, ही त्यांची रीत. म्हणजे आग नसली तरी यंत्र एकदा सुरू झालं की माझा पाला छत्तीसगडात. आणि काकी चौकोनात, विहीणबाईच्या साडीवर, मांडी घालून बसलेली.

रक्षक समजावत होते की अम्मा, उठो, ऊपर से मॅसेज आया है. काकी हलेना.

"ह्या पोरानं मले माह्या झाडाखाली काडी लावू नाही देल्ली. तुमाले उडवू देऊ का? एक पान हाललं त पाहा."

रक्षकांनी साड्यांकडे पाहिलं, फोनवरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. यंत्रं पाठीवरून उतरवली. फार शहाणी माणसं. जाताना काकीकडून ओंजळभर मोह घेऊन गेले.

पाला वाचला. मोसम संपल्यावर तोलला, काकीच्या मोह तोलायच्या काट्यावरच, कारण माझा काटा तोवर तिच्या नातवंडांनी पेरू तोलून बिघडवला होता. सर म्हणाले, नकाशात आग म्हणून उमटलेला लाल डाग तेवढा काढून टाक. मी काढणारच होतो. पण काकीने आधी पाहायला मागितला. तिने लॅपटॉपवर वाकून तो डाग बोटाने दाबून पाहिला.

"हे विहीणबाईची का?"

हो, म्हटलं, मशीनला ती आग वाटली.

काकीचा चेहरा असा खुलला, जसा मोहाच्या मोसमातही खुलला नव्हता. "आभाळातूनही ते बाई आगच दिसली ना? मी काय इतक्या वर्सांपासून सांगून राहिली?"

सरांकडे गेलेल्या नकाशात तो डाग नाही. काकीच्या ओसरीवर लावलेल्या नकाशात आहे, चांगला मोठा करून छापलेला. येत्या लग्नाला विहीणबाई येणार आहेत. मला आमंत्रण आहे. पण त्या दिवशी मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची झाडं मोजायला जावं, असा माझा विचार आहे.