तपासणीच्या टेबलावरची घडी

सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानात गादीवर बसून मी गिऱ्हाइकांना साड्या दाखवतो, त्याला एकोणतीस वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा आमवाताच्या सोबतीत गेली. गुडघे आणि बोटं ही त्याची आवडती ठिकाणं. दुकानात फारसं अडत नाही, कारण काम बसूनच. खरी पंचाईत रोज दुधनीच्या घरून येताना एसटीत होते. बसायला जागा मिळत नाही आणि वरचा दांडा बोटांना धरवत नाही, त्यामुळे वळण आलं की मी शेजारच्या माणसाला मिठी मारतो. दोनदा पडलोही. तिसऱ्यांदा पडलो तर नोकरी सोडायची, असं बायकोनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

यावर उपाय एकच, दिव्यांगाचं प्रमाणपत्र. चाळीस टक्के भरले की बसमध्ये राखीव जागा आणि तिकिटात सवलत. शाळेत गणितात मला कधी चाळीस टक्के पडले नव्हते. इथं तरी पडावेत, अशी फार इच्छा होती.

अडचण माझ्या वळणाची होती. आमच्या धंद्यात दुखणं दाखवत नाहीत. कळ आली की हसायचं आणि पुढची साडी उलगडायची. गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस आपल्यावर भलताच खूश आहे.

"तितं जरा कण्हा की," निघताना बायको म्हणाली. "घरात उठता-बसता घर डोक्यावर घेता, आन तितं जावई आल्यागत बसाल."

"लबाडी करू म्हणतेस?"

"लबाडी कशाला? हाय तेवढं दाखवा. तेवढंच लई हाय."

सरकारी दवाखान्यात दुपारी आमचा नंबर लागला. डॉक्टर मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या. "काका, काय त्रास होतो?" त्यांनी विचारलं.

"किरकोळ हो. चालायचंच," मी हसून म्हणालो. बायकोचं कोपर बरगडीत बसलं.

मॅडमनी मला टेबलावर झोपवून गुडघे वाकवून मोजले. मी खाली उतरलो आणि त्या टेबलावरच्या चादरीकडे लक्ष गेलं. आधी किती जण तिच्यावर झोपून गेले होते कोण जाणे, तिचा पार चोळामोळा झाला होता. असलं कापड माझ्याच्यानं बघवत नाही. मी ती उचलली, काठाला काठ लावला, दोन पदरी केली, चार पदरी केली, वरून तळहात फिरवला आणि उशाशी ठेवली. वर शाबासकीसाठी मॅडमकडे पाहिलं.

त्यांचं पेन थांबलं होतं. "काका, हात तर छान चालतात की तुमचे."

घडी तळहातांनी आणि मनगटांनी पडते, बोटं नुसती बरोबर असतात, हे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "सवय हो, मॅडम." इतका गाढवपणा मी आयुष्यात केला नव्हता.

तेवढ्यात बायको बोलली, "मॅडम, त्यास्नी शर्टाचं बटण लावाया सांगा."

मी तिच्याकडे रागानं पाहिलं. रोज सकाळी दार लोटून घेऊन माझी बटणं ती लावते. हे पोरांनाही ठाऊक नाही. मला लाज वाटते.

मॅडमनी उठून माझं वरचं बटण काढलं. "लावा बरं."

पहिल्यांदा ते काजापर्यंत गेलं आणि निसटलं. मी दुकानातल्यासारखा हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. शेजारी बायकोचे हात सारखे वर येत होते. शेवटी तिनं ते मांडीखाली दाबून धरले आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे डोळे भरले होते. माझा राग तिथंच संपला.

"नाही जमत, मॅडम," मी म्हणालो. इतक्या वर्षांत कुणापुढं हे शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते.

मॅडमनी मान हलवली आणि कागदावर बेचाळीस टक्के लिहिले.

बाहेर व्हरांड्यात माणसांची रांग होती. गळ्याशी शर्ट उघडाच. बायकोनं इकडंतिकडं बघून माझी बाही ओढली. "चला, त्या खांबामागं चला."

"कशाला?" मी म्हणालो. "इथंच लाव."