अक्काचं नाव काढलं की कनेक्शन जायचं

मी कॉम्प्युटरवाला मुलगा. भूत, चकवा, बाहेरचं असलं काही ऐकलं की मला हसू येतं... म्हणजे यायचं. आता राग येतो – आणि तो भुतांचा नाही, माणसांचा.

गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतरची. आम्ही असोद्याचे, मी जळगावला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होतो. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांनी मला काम दिलं – दरवर्षी छापतो ती सूची कॉम्प्युटरवर आण, मेळाव्यात दाखवू. मी तर उडालोच! ब्राउझरमध्ये गाव, शिक्षण टाकायचं, माझा जावाचा प्रोग्राम डेटाबेसला जोडला जाणार आणि स्थळं समोर. कनेक्शन पहिल्या झटक्यात झालं. नाचलो अक्षरशः.

मग नानांनी नावं पाहिली आणि म्हणाले, तुझ्या अक्काचं काढ. का, तर साखरपुड्यानंतर तिचा होणारा नवरा नशिराबादजवळ अपघातात गेला. ट्रकवाला आला राँग साइडने, आणि पायगुण म्हणे माझ्या बहिणीचा! डोकंच फिरलं. पण वडील म्हणाले, वाद नको, काढ.

काढलं... आणि कनेक्शन गेलं.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी – कनेक्शन होतं तेव्हा आत कोणाची नावं आहेत हे प्रोग्रामला माहीतच नसतं. घरात कोण बसलंय, त्याच्याशी दाराच्या कडीचा काय संबंध? डेटाबेसशी जोडून देणारा ड्रायव्हर पुन्हा टाकला, मशीन बदललं. एरर तीच. सहज म्हणून अक्काचं नाव परत टाकलं – चालू! दुसऱ्या एका मुलीचं काढून पाहिलं – चालूच. अक्काचं काढलं – बंद. धुळ्याहून शिकवायला येणारे आमचे क्लासचे सर आले, त्यांनी स्वतः करून पाहिलं, तरी तेच. ते नुसते 'असं होऊच शकत नाही' म्हणत बसले.

नानांना हे मेळाव्याआधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, बहाणे नको. मेळाव्यात अक्काचं नाव काढलेलं, स्क्रीनवर एरर, लोक हसतायत. मग मी सगळ्यांसमोर तिचं नाव टाकलं, बटण दाबलं... धडाधड स्थळं आली.

नाना शांतपणे म्हणाले, "हे सगयं तू बहिनीसाठी करून राह्यला. आम्हाले येडं समजतो का?"

कॉम्प्युटर बंद करायला लावला. छापील सूची वाटली, अक्काशिवाय. आता अख्खा समाज मला लबाड म्हणतो. ट्रकवाल्याला कोणी काही म्हणत नाही!

घरी अक्काने एवढंच विचारलं, "खरं सांग, तूच केलं ना?"

मी आईची शपथ घेतली.

"म्हनजे माझ्या बाजूनं कोनीतरी होतं," असं अक्का म्हणाली आणि हसली. अपघातानंतर पहिल्यांदा.

कारण मला आजही माहीत नाही. व्हायरस असेल, फाइल खराब असेल – हे लिहून पाठवू नका, सगळं तपासून झालंय. तो डेटाबेस मी पुसलेला नाही. अक्काचं नाव आत आहे... आणि कनेक्शन चालू आहे.