आईनं सोडलेलं मीठ

किडनीचा आजार कळल्यावरही मी तीन वर्षं चोरून सॉसेज खात होतो. धनजच्या आणि धनज सोडून गेलेल्या माझ्या माणसांनो, हे तुमच्यापैकी कोणालाच मी कधी सांगितलं नाही. गेल्या रविवारी आईला सांगितलं, आता तुम्हालाही सांगतो.

गाव सोडलं त्या दिवशी आई एसटीपर्यंत आली होती. पिशवीत ज्वारीचं पीठ, डब्यात ठेचा. गाडी हलली तरी खिडकीशी चालत राहिली. "उपाशी राहू नोको बापू, पण भलतंसलतं खाऊ नोको." आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे.

पुण्यात कोल्ड स्टोरेजवर कामाला लागलो. पाकीट फाटलं की आतलं सॉसेज, सलामी आम्हा कामगारांत वाटून टाकत. आधी भुकेनं खाल्लं, मग सवयीनं. भाकरी थापायला वेळ होता कोणाला?

आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "मांसाहार?" बायको शेजारी बसली होती. मी "नाही" म्हणालो. फाइलवर 'शाकाहारी' लिहिलं गेलं. मीठ कमी करायला सांगितलं, तसे घरातून लोणचं, पापड गेले. तिकडे धनजला आईनं मीठ सोडलं, पोराचं दुखणं थांबेस्तोवर. लग्नाच्या पंगतीतही तिचं वरण अळणी. मी मात्र कामावर पाकीट फोडत होतो. आमच्या घरात मीठ म्हणजे हातानं घातलेलं तेवढंच. पाकिटातलं मी धरतच नव्हतो. जिभेला कळत होतं, ही गोष्ट वेगळी.

बीपी उतरेना, गोळ्या वाढत गेल्या. एकदा डॉक्टर म्हणाले, घरात मीठ इतकं कमी, मग हे येतंय कुठून? बायको हळूच म्हणाली, "माझंच कुठंतरी चुकत असेल."

तेव्हा तोंड उघडलं. डॉक्टर रागावले नाहीत. फाइलवरचा तो शब्द खोडला आणि समजावलं, की असलं मांस टिकवायला मीठ आणि फॉस्फेट घालतात, दोन्ही किडनीला जड. बायको आठवडाभर कामापुरतं बोलली. मी ते खाणं सोडलं. किडनी काही नवी होणार नाही, पण बीपी उतरलं, आणि गेल्या दोन तपासण्यांत रक्तातलं क्रिएटिनिन वर सरकलेलं नाही. छातीवरचं ओझंही उतरलं.

उरली होती आई. फोनवर सगळं सांगितलं.

"आन् मी इकडं अळणी वरण गिळून राह्यली." मग म्हणाली, "कसं लागते रे ते?"

"खारट."

ती हसली. तीन-चार वर्षांत तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

"दुखणं थांबलं न आई. आता तू मीठ खा."

"असं कसं? ज्याच्यासाठी सोडलं, त्याच्याच हातानं घेईन. तू ये."

पूर्वी गाव म्हटलं की शेत आठवायचं, घर आठवायचं. आता आईचं ताट आठवतं. अजून जाणं झालेलं नाही. त्या ताटात माझ्या हातानं चिमूटभर मीठ वाढायचं बाकी आहे.